तीन ओव्यांचं शटर

तुळसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन सावंतवाडीला ठरलं, त्या दिवशी मी तिला वचन दिलं. "तू घराक येतलंस तेवा शटर गाडयेतसूनच उघडतला. तुका कोण उठूक सांगूचो नाय."

"कोण बसवतलो?" तिने विचारलं.

"मी."

"तुमी? तुमका मिक्सराचा झाकण लागना नाय," ती म्हणाली आणि दवाखान्याच्या पिशवीत लुगडी भरायला लागली.

तिचं बोलणं खोटं नव्हतं. गेली एकोणीस वर्षं मी वळणावर तीनदा भोंगा वाजवतो आणि ती हातातलं काम टाकून गॅरेजचं शटर उघडायला येते. दोन वर्षांपूर्वी लेकीने, सृष्टीने, शटरला मोटर बसवून दिली. पण तिचा रिमोट माझ्या हातून हरवेल म्हणून तुळसाने तो स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला. म्हणजे शटर मोटरवर गेलं, भोंगा आणि तुळसा होती तिथेच राहिली. तिने त्यावर ओवीही केली होती. भांडी घासताना म्हणायची, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात:

गाडी इली दारी, घोव वाजय भोंगो
शटर उघडूक गेलंय, भात माझो लागलो गो

ओवीतला घोव, म्हणजे नवरा, मीच. मी हसायचो. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, ओवीतली तक्रार कळायला त्याला गुडघ्याचं ऑपरेशन लागलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर पायऱ्या चढायच्या नाहीत. आमच्या पुढल्या दाराला सात पायऱ्या. गॅरेजातून मात्र सपाट जमीन थेट चुलीपर्यंत. म्हणजे तिला घरात यायला शटर हाच रस्ता, आणि ती घरी यायला तीन दिवस.

शटर उघडायचं बटण असलेला गाडीचा आरसा कुरियरने आला. गाडीतला जुना आरसा काढून तो लावायचा, गाडीच्या आतल्या दिव्याच्या वायरीतून त्याला वीज द्यायची, की झालं, असं पुस्तिकेत होतं. जुना आरसा मी फिरवला तसा तो काचेवरच्या डिंकासकट हातात आला. वायर जोडली, बटण दाबलं, तर गाडीतला दिवा विझला. पुन्हा जोडली, तर दार उघडलं की आरशाचा दिवा लागे आणि लावलं की विझे. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचा तांबडा ठिपका लागून राहिला. गुंजेएवढा. मी त्याच्याकडे पहिल्या नातवाकडे बघावं तसा बघत बसलो.

आता शिकवणी. खिळ्यावरचा रिमोट आरशाजवळ धरून दोन्ही बटणं दाबली, ठिपका भराभर लुकलुकला. पुढची पायरी अशी की छताजवळच्या मोटरवरचं शिकण्याचं बटण दाबायचं आणि तीस सेकंदांच्या आत गाडीतलं बटण दाबायचं. तेवढ्यात मोटर गाडीला ओळखते. माझ्या वर्गात तीस सेकंदांत काही शिकलेलं पोर मला आठवत नाही, पण मोटरीचा मान ठेवला.

घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता, म्हणून तुळसाची ओवी धरली. एकदा म्हटली की दहा सेकंद, म्हणजे तीन ओव्या. स्टुलावर चढलो, बटण दाबलं, 'गाडी इली दारी' सुरू केलं. दुसरी ओवी संपली तेव्हा माझ्या पायाचा अंगठा अजून हवेत जमीन शोधत होता. पुढच्या खेपेला उतरलो वेळेत, पण गाडीची चावी स्वयंपाकघरात. त्याच्या पुढच्या खेपेला गाडीत पोचलो आणि घाईत वायपर चालू केला.

शेजारच्या बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर, प्लासिद बसला होता. दुबईत बारा वर्षं शटरंच बसवून आलेला माणूस.

"मास्तरानू, दशावतार लवकर सुरू केलात?"

"काम चल्लासा."

"गाणा पण म्हणतात. मी येव काय?"

"नको," मी म्हटलं. बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत होतो, अडलं तर हात वर करा, विचारायला लाजू नका.

सातव्या खेपेला स्टूल कलंडलं आणि मी मोटरीची साखळी धरून लोंबकळलो. तेव्हा हात वरच होता. प्लासिद मधला दगडी गडगा ओलांडून आला, स्टूल सरळ केलं आणि जाऊन गाडीत बसला.

"दाबा तुमी वयलो."

मी दाबलं. त्याने खाली दाबलं. पहिल्या ओवीतल्या 'भोंगो'पर्यंत मी पोचायच्या आत शटर वर गेलं.

संध्याकाळी तुळसाला फोन केला. "झाला गो."

"कोणी केल्यान?"

"मीच."

"प्लासिद घराक होतो?"

"आवाज तुटता गो," म्हणून मी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली आणि प्लासिद बघतोय याची खात्री करून बटणाने शटर पाडलं. मग पुढल्या दाराने आत जाऊन गॅस बघितला, खिडक्या लावल्या, नेहमीचं सगळं केलं, कुलूप घातलं आणि निघालो.

परतताना तुळसा मागल्या सीटवर पाय लांब करून बसली होती. वळणावर हात सवयीने भोंग्याकडे गेला, तो मी आवरला. शटरसमोर गाडी थांबवली.

"आता बघ."

बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. आरसा पुसून दाबलं. उतरून शटरला कान लावला, परत येऊन दाबलं. तांबडा ठिपका लागत होता, शटर ढिम्म. तुळसाच्या कपाळावर घाम आलेला. पाय ठणकत असणार. बलकांवातला प्लासिद उठून उभा राहिला.

"प्लासिदान केल्यान ता बिघडला काय?" तिने मागून विचारलं.

म्हणजे कळलं होतं. "नाय गो," मी मान खाली घालून म्हटलं. "तेचा काम बरोबर आसा."

"मगे जाताना मेन काढलात?"

माझा हात बटणावरच राहिला. एका वर्षी पावसात वीज पडून आमचा टीव्ही जळला. तेव्हापासून घर सोडताना मेन स्विच खाली ओढल्याशिवाय माझ्या हाताला कुलूप लागत नाही, आकाशात ढग असो नसो. सगळ्या घराची वीज मी नेमाने काढली होती, आणि मोटर त्याच घरात होती.

प्लासिदचं हसणं गडग्यापलीकडून ऐकू आलं. सात पायऱ्या मी अशा चढलो की कोणाला माझं तोंड दिसू नये. मेन वर केला, स्वयंपाकघरातला रिमोटचा खिळा रिकामा बघून काळोख्या गॅरेजात आलो. रिमोट माझ्याच खिशात होता.

तेवढ्यात मोटर घुरघुरली. शटर आपणहून वर जायला लागलं. आधी उजेडाची एक रेघ माझ्या चपलांवर आली, मग गुडघ्यांवर, मग डोळ्यांवर. समोर गाडी. मागल्या सीटवरून पुढे वाकून तुळसाने आरशातलं बटण दाबलं होतं. एकोणीस वर्षं ती जिथे उभी राहायची, तिथे मी उभा होतो, बावळा.

काय करावं ते मला सुचेना. तिला सुचलं. तिने हात आणखी लांब केला आणि भोंगा वाजवला.

तीनदा.

"इलंय, इलंय," ती मला बोलायची ते तसंच्या तसं माझ्या तोंडून निघालं, आणि मी तिला उतरवून घ्यायला धावलो.