उणे अडतीस

गळती मोजणाऱ्या यंत्राचा काटा आधी दोनदा थरथरला, मग दीड घर उजवीकडे सरकला आणि तिथंच थांबला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. निर्वात टाकीच्या आत उणे अडतीस अंश होते आणि मुठीएवढी झडप गळत होती. गळती तशी किरकोळ होती. पण ही झडप उपग्रहावर बसणार होती, आणि तिथं पाच वर्षं ती बदलायला कुणी जात नाही.

त्यांनी टाकी हळूहळू खोलीच्या तापमानाला आणली. काटा गुपचूप शून्यावर जाऊन बसला.

आसपासच्या छोट्या कारखान्यांनी उपग्रहांचे भाग बनवावेत म्हणून सरकारनं हे अंतराळ उद्योग महामंडळ काढलं होतं. शेड महामंडळाची, यंत्रं महामंडळाची आणि तयार मालाची परीक्षा बाईंची. परीक्षेची पद्धतही त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिली होती. भाग बारा तास गार ठेवायचा, मग उबेला आणायचा आणि गळती पाहायची. जुनं मोजयंत्र गारठ्यात बिघडायचं, म्हणून ती सोय होती. पुढं सोयीचाच नियम झाला.

दोन वर्षांपूर्वी, इथं पास झालेली झडप बसवलेल्या एका उपग्रहाचा वायू वर्षभर आधीच संपला, तेव्हा बाईंना पहिल्यांदा शंका आली होती. गारठ्यात आकसलेली रबरी रिंग उबेला पुन्हा फुगून जागेवर बसत असेल तर? त्या वरिष्ठांशी बोलल्या. अहवालात 'कारण अज्ञात' असं लिहायचं ठरलं आणि खाली बाईंनी सही केली. गेल्या महिन्यात गारठ्यात चालणारं यंत्र आलं. आज सकाळी, कुणाला न विचारता, त्यांनी झडप गार असतानाच तपासली.

"वहिनी, पास ना आमची लेक?" दार ढकलून धाकटे दीर आत आले. झडप त्यांच्याच कारखान्यातली. अंगात कोरा शर्ट होता, कॉलरमधला पुठ्ठा काढायचा राहिला होता.

"बसा, भाऊजी. उणे अडतीसला गळतेय."

"आणि आत्ता?"

"आत्ता नाही."

"मग झालं की! पद्धतीत गार असताना बघा असं कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं. लिहिणारी मीच."

दीर खुर्चीत बसले, लगेच उठले. "सोळा माणसं आहेत माझ्याकडं. हे काम गेलं तर महामंडळ शेड काढून घेईल. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"दादा असता तर तुमची हिंमत झाली नसती."

"तुमचे दादा असते तर त्यांनी आधी तुमचा कान धरला असता. रिंग कुठून आणलीत?"

दीरांनी कॉलरमधला पुठ्ठा ओढून काढला. मग पुटपुटले, "नेहमीचीच आहे. आधीच्या नऊ झडपांतही तीच होती. त्या तुम्हीच पास केल्यात, वहिनी."

"हो," बाई म्हणाल्या. "तेच तर."

अकराला झडप प्रक्षेपण कंपनीच्या ताब्यात द्यायची होती. सभागृहाच्या दाराशी व्यवस्थापकीय संचालकांनी बाईंना बाजूला घेतलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"बाई, निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. शेवटी शेवटी हे काय खूळ?"

"खूळ नाही, साहेब. मोजमाप आहे."

"मग राहू दे की मोजमाप. 'पुढील अभ्यास सुरू' असं एक वाक्य घालू. दोन वर्षांपूर्वी ऐकलंत ना माझं?"

"ऐकलं. तेव्हापासून नीट जेवण गेलेलं नाही."

"अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय! पद्धत तुमची, सही तुमची. चौकशी लागली तर पहिलं नाव कुणाचं येईल?"

"माझंच यायला हवं."

साहेबांनी आवाज खाली आणला. "आत तोंड उघडायचं नाही. हा हुकूम समजा."

"लेखी द्या," बाई म्हणाल्या आणि त्यांना ओलांडून आत गेल्या.

लांब टेबलावर काचेच्या पेटीत झडप ठेवली होती. कंपनीच्या अधिकारी पेन उघडून बसल्या होत्या. त्यांनी प्रमाणपत्र बाईंपुढं सरकवलं. समोर दीर हात जोडल्यासारखे बसले होते. टेबलाची कड धरून बाई उभ्या राहिल्या. प्रमाणपत्र त्यांनी पालथं घातलं.

"काही अडचण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बाई, बसा खाली," मागून साहेब म्हणाले.

बाई बसल्या नाहीत.

"ही झडप गारठ्यात गळते," त्या म्हणाल्या. "आणि आधीच्या नऊ गळतात की नाही, ते मला माहीत नाही, कारण मी त्या गार असताना कधी तपासल्याच नाहीत. इथली पद्धत चुकीची आहे. ती मी लिहिलीय. आज, या क्षणापासून, मी ती मागे घेते."