ओट्यावर ठेवलेला नेलकटर

मी एक जुना नेलकटर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी पराक्रम काढतात. थोडे पराक्रम माझ्याकडेही आहेत आणि ते सांगितल्याशिवाय मी राहणार नाही. पण ही गोष्ट आहे लाजेची, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज बारीक झाला तर तुम्ही समजून घ्याल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मोठ्या यंत्राखाली पत्रा दाबला गेला, दोन पाती तयार झाली, वर एक दांडी बसली, पोटात घडीची कानस आली आणि शेपटाला छोटी साखळी. दांडीवर गुलाबाचं फूल रंगवलेलं होतं. तिथून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी ढाणकी गावाला आलो, तो थेट जोहराबीच्या टोपलीत पडलो.

जोहराबी आठवडी बाजारात बायकांच्या नटण्यामुरडण्याच्या वस्तू विकायची. टिकल्यांची पाकिटं, पिना, मेहंदीचे कोन, टाचा घासायचे दगड आणि नखपॉलिशच्या बाटल्या. या बाटल्या म्हणजे फार मिजासखोर जात! बायका त्यांना उन्हात धरून पाहत, नखावर एक थेंब लावून पाहत. आम्हा नेलकटरांकडे कोणी ढुंकून पाहत नसे. जोहराबी स्वतः मात्र पॉलिश लावायची नाही. नमाजाआधी हातपाय धुताना नखापर्यंत पाणी पोचलं पाहिजे, म्हणून तिची नखं मेहंदीनं रंगलेली असत.

मी विकला गेलो नाही याचं कारण तिचा नवरा सरदार. तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. माल कसा आहे हे पाहायला जोहराबीनं मला त्याच्या अंगठ्यावर चालवून पाहिलं. ग्रीस खाऊन खाऊन ते नख दगड झालेलं. मी ते कट्‌कन कापलं खरं, पण गुलाबाच्या पाकळ्या काळ्या झाल्या त्या झाल्याच. मग असा माल गिऱ्हाइकाला कोण देणार? मी घरचा झालो, आणि घरचा होता होता सगळ्या गल्लीचा झालो.

हाच माझा पराक्रम. आमच्या गल्लीत दुसरा नेलकटर नव्हता. सोमवारी शाळेत गुरुजी नखं पाहत, म्हणून रविवारी पोरांची ओट्यावर रांग लागे. कोणी रडत येई, कोणी हात मागे लपवी. जोहराबीची अलफिया सगळ्यांवर मुकादमी करी. आणि मी कट्‌ कट्‌ करत राजासारखा फिरत असे.

राजासारखा, असं म्हणायला एक कारण होतं. जोहराबी मला कधी कोणाच्या हातात देत नसे. ती मला ओट्याच्या फरशीवर ठेवायची आणि ज्याला हवा त्यानं उचलायचं. तिच्या दादीची तशी शिकवण होती. कात्री, सुई, वस्तरा, धारेची कुठलीही वस्तू हातातून हातात दिली की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं म्हणे. मला त्याचा केवढा अभिमान! माझ्या धारेचा धाक एवढा की माणसं मला हातात द्यायला भितात, असं मी समजत होतो. फरशी म्हणजे माझं सिंहासन.

आमच्या शेजारी इंदूबाई राहायला आली ती याच दिवसांत. ती बौद्ध घरातली, नवऱ्यासोबत मजुरी करणारी. तिची पोरगी रुपाली अलफियाच्याच वर्गात. इंदूबाई कापूस वेचायला जाई. ती वर्षं शतक पालटलं त्या सुमाराची, बोंडअळीची. अळीनं पोखरलेलं बोंड नीट फुटत नाही. आतला कापूस घट्ट, डागाळलेला राहतो. त्याला कवडी म्हणतात. चांगला कापूस चिमटीत धरला की सुटून येतो, पण कवडी नखांनी उकरून काढावी लागते. मग नख फाटतं, फाटलेल्या नखात धागा अडकतो आणि ओढला की मुळापर्यंत ओरबाडतो. मी नखांचा जाणकार आहे, मित्रांनो, म्हणून सांगतो, अशी दमलेली नखं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

इंदूबाई शेतातून परतताना एकटीच यायची. त्या वेळी ओट्यावर दुसरं कोणी नसे.

"घे वो इंदूबाई, लवकर काप," जोहराबी मला फरशीवर ठेवत म्हणायची. "दिवे लागले का मंग नखं कापू नाई."

इंदूबाई वाकून मला उचलायची, फाटलेलं नख बेतानं कापायची आणि पुन्हा फरशीवर ठेवून जायची. दोघी दोन शब्द बोलायच्या, कधी हसायच्या. अलफियाची ओढणी तिच्या घरी आणि रुपालीचा कंपास आमच्या घरी, असं सगळं चाललेलं होतं.

एका संध्याकाळी रुपाली तिच्यासोबत आली. त्या दिवशी इंदूबाईनं हात पुढे केला. तळहात वर, बोटं पसरलेली. कदाचित कंबर धरली असेल, वाकवत नसेल, किंवा आणखी काही मनात असेल. जोहराबीचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे. तिनं सवयीनं मला त्या पसरलेल्या हाताखालून नेलं, फरशीवर ठेवलं आणि ती आत पळाली.

इंदूबाईचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं वाकून मला उचललं.

"आई," रुपालीनं विचारलं, "भाभीनं तुह्या हातात काहून नाई देल्लं?"

मी इंदूबाईच्या मुठीत होतो. ती मूठ इतकी आवळली गेली की माझी दांडी आपोआप दबली. तिनं एकही नख कापलं नाही. मला ठेवलं आणि पोरीला म्हणाली, "चाल. घरी चाल."

मित्रांनो, मी सगळं ऐकलं होतं. दूध उतरवून जोहराबी बाहेर आली तेव्हा ओटा रिकामा होता आणि तिला काहीच माहीत नव्हतं. मला तोंड आहे, पण ते नखापुरतं. आणि खरी गोष्ट सांगू? त्या वेळी मला तरी कुठे कळलं होतं! माझी धार बोथटली म्हणून बाई रागावली, एवढंच मी समजलो. सिंहासनावर बसलेल्याला खाली काय चाललंय ते दिसत नाही.

त्यानंतर इंदूबाई आली नाही. रुपालीनं कंपास परत नेला. नळावर भेट झाली तर इंदूबाई हंडा उचलून निघून जाई. जोहराबीनं दोन-तीनदा हाक मारून पाहिली, मग तीही फुगली.

"त्या इंदूबाईला काय झालं कोण जाणे. बोलतच नाही," ती सरदारला म्हणाली. घरातली त्यांची बोली वेगळी, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"तूच काहीतरी बोलली असशील."

"मी कशाला बोलू? तिलाच शेजार नकोसा झाला असेल."

पुढच्या हंगामात गावात कापूस जेमतेमच आला. जिनिंग बंद पडली, सरदार घरी बसला. बाजारात बायका टोपलीजवळून नजर चुकवून जाऊ लागल्या. कापसाचा पैसा नसताना टिकल्या कोण घेतं? शेवटी जोहराबीनं रुपीबाईला निरोप पाठवला. रुपीबाई बंजारा तांड्यावरची, वेचणीच्या बायका गोळा करून नेणारी. "मलेबी ने," जोहराबी म्हणाली. तिनं मला बटव्यात टाकलं आणि पहाटे निघाली.

वावरात पोचलो तर त्याच टोळीत इंदूबाई! तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. माझ्याकडे यायचं सोडल्यापासून ती ब्लेडनं नखं कापत होती. एकदा ब्लेड आत गेलं होतं, त्यात कवडी उकरून उकरून अंगठा सुजून टम्म झालेला. ती चार बोटांनी वेचत होती आणि मागे पडत होती. दुसऱ्या दिवशी तिला आणायचं की नाही, असं रुपीबाई कोणाशी तरी बोलतही होती. जोहराबीनं ती चिंधी पाहिली, बटव्यावर हात ठेवला आणि मान वळवली. रागच तसा होता.

दुपारी शेतमालकाची म्हातारी आई चहा घेऊन आली. तिनं रुपीबाईच्या हातात कप दिला. तांड्यावरच्या बाकी बायकांच्या हातात दिला. जोहराबीनंही हात पुढे केला. म्हातारीनं दोन पेले धुऱ्यावर, बांधाच्या मातीत ठेवले, एक तिच्यापुढे आणि एक इंदूबाईपुढे, आणि दोन पावलं मागे सरकली.

जोहराबीचा हात तसाच हवेत राहिला.

"खाली ठेवलेलं मी घेत नाई मावशी," इंदूबाई म्हणाली.

"नाई तं नको घेऊ," म्हातारी म्हणाली. "तुह्यासाठी का आता पाट मांडू?"

ती गेल्यावर इंदूबाई जोहराबीकडे वळली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलत होती. आवाज चढा नव्हता. "घ्या भाभी, तुम्ही घ्या. तुमच्या ओट्यावरबी असंच असते."

बटव्याच्या आत मी ते ऐकलं आणि माझं सिंहासन माझ्याखालून निघून गेलं. मी काय मिरवत होतो इतकी वर्षं? त्या बाईला दर वेळी वाकायला लावत होतो आणि त्याला माझा मान समजत होतो! गंज चढला तरी इतकी लाज वाटत नाही, मित्रांनो.

जोहराबी चहा प्यायली नाही. पेल्यात मुंग्या जमल्या. दिवसभर ती खाली मान घालून वेचत राहिली, कवडीनं तिची मेहंदीची नखंही फाटली, पण तिनं मला बाहेर काढलं नाही. तिला तो पसरलेला तळहात आठवत होता. तेव्हा तिनं तो पाहिला होता, फक्त त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ज्या गोष्टीनं भांडण टळावं म्हणून ती जपत आली, त्याच गोष्टीनं शेजारणीचा असा अपमान केला होता. लाजेनं माणूस लाल होतो म्हणतात, जोहराबी काळवंडली होती.

संध्याकाळी ती स्वतःच्या घरी न जाता इंदूबाईच्या दारात गेली. इंदूबाई पायरीवर बसून चिंधी सोडत होती. रुपाली शेजारी होती.

"इंदूबाई," जोहराबी उभ्या उभ्याच म्हणाली, "माही दादी सांगे, धारेची वस्तू हातात देल्ली का दोघीत झगडा होते. म्हणून मी समद्यायलेच खाली ठेवून देल्लं. माह्या सख्ख्या बहिणीलेबी."

इंदूबाईनं चिंधीचा शेवटचा वेढा सोडला. "असं होतं तं सांगाचं होतं ना."

"मले वाटलं तुले माहीत असन."

"आमच्या घरी असं काही मानत नाईत. माह्या बापानं एकच सांगून ठेवलं होतं, वरून टाकलेलं अन् खाली ठेवलेलं घ्याचं नाई. माह्या आजीनं जलमभर तसंच घेतलं होतं. तुमच्या ओट्यावरून मी उचललं, कारण मले वाटलं, भाभी आपली आहे, तिच्या ध्यानात नसन. मंग ह्या पोरीनं इचारलं. पोरीले काय सांगू मी?"

दादीचं नाव सांगून हे मिटणार नाही, हे जोहराबीला कळलं होतं. ती रुपालीकडे पाहू शकत नव्हती. तिनं बटवा उघडला, मला काढलं, तळहातावर ठेवलं आणि तो तळहात इंदूबाईपुढे धरला. बोटं मात्र अजून अर्धी मिटलेलीच होती. दादीची शिकवण लहानपणापासून अंगात मुरलेली, ती काय सहज सुटते!

इंदूबाईनं मला पाहिलं, मग तिच्याकडे. "झगडा होईन ना वो भाभी."

"होऊ दे. हातात देऊन झगडू."

इंदूबाईनं मला घेतलं. तिच्या हाताची ऊब मला ओळखीची होती. पण सुजलेल्या अंगठ्यानं दांडी दाबवेना. तिनं दोनदा करून पाहिलं, ओठ दाताखाली धरला आणि मला परत जोहराबीच्या हातात दिलं. रुपालीनं कोमट पाण्यात मीठ टाकून आणलं. अंगठा त्यात भिजला, मग जोहराबी पायरीवर बसली, तिनं तो आपल्या मांडीवर घेतला आणि नखाचा रुतलेला तुकडा माझ्याकडून काढला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत नाजूक काम. मी श्वास रोखून केलं, असं म्हणालो असतो, मला श्वास असता तर. जोहराबी रडत होती आणि इंदूबाई तिला ओरडत होती, "रडू नको वो, नीट पाहून काप!"

अंगठा बरा व्हायला वेळ लागला. तोवर जोहराबी आपल्या ओटीतला कापूस तिच्या ओटीत टाकायची. रुपीबाई पाहूनही न पाहिल्यासारखं करायची.

आता मी म्हातारा झालो. माझी पाती सैल झाली, गुलाब तर केव्हाच गेला. अलफियाकडे चेन लावलेल्या पाकिटात नव्या नेलकटरांचा सेट आहे, त्यात माझं काय काम? मी पत्र्याच्या डब्यात तुटक्या पिनांसोबत असतो. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला ओला ठेवू नका, कधीतरी तेलाचा थेंब द्या. आणि कोणी तो मागितला तर हातात द्या. जुन्या समजापोटी खाली ठेवायचाच असेल, तर निदान का ठेवता ते तोंडानं सांगा. समोरचा गुपचूप वाकून उचलतो, म्हणून त्याला काही वाटत नाही असं समजू नका. मी तसंच समजलो होतो. अजून लाज वाटते.

दादीचं म्हणणं मात्र खरं ठरलं बरं का! त्यानंतर आठ दिवसही गेले नसतील, जोहराबीच्या कोंबडीनं इंदूबाईची वाळत घातलेली डाळ फस्त केली आणि दोघी अशा भांडल्या की सगळी गल्ली बाहेर आली. मी तेव्हा इंदूबाईकडेच होतो. ती तरातरा आमच्या ओट्यावर आली, "हा घे तुहा नेलकटर!" म्हणून ओरडली आणि तिनं मला जोरात आपटलं, जोहराबीच्या तळहातावर.