अंजूरचं शून्य

धामणकर नाक्यावर मृणालीचा फ्लेक्स लागला, तेव्हा आक्का शेअर रिक्षाने मुद्दाम बघायला गेली. तिघांच्या मध्ये चेपून बसणं तिला या वयात सोसत नव्हतं, पण मुलगी काही रोज फ्लेक्सवर चढत नाही. ‘अंजूरची सुकन्या डॉ. मृणाली हिला संशोधनाचा राष्ट्रीय पुरस्कार’ एवढं तिने एकेक अक्षर लावत वाचलं. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरली. मग नजर खाली गेली तर धाकट्या हितेशचा फोटो बहिणीच्या फोटोपेक्षा मोठा. घरी आल्यावर तिने त्याला विचारलं, पुरस्कार तुला मिळालाय का? आणि मिळाला असेल तर कशाचा, गोडाऊनच्या दारात खुर्ची टाकून बसण्याचा?

मृणालीचं काम बाळांच्या वजनाचं. खाडीकाठच्या गावांत बाळं जन्मताना एवढी लहान का भरतात, हे शोधायला तिने आठ वर्षांपूर्वी बारा गावं घेतली, आणि पहिलं घेतलं ते आपलं अंजूर. पोटुशा बायका काय खातात, पाणी कुठलं पितात, चूल पेटवतात की गॅस, तंबाखू-मिश्री लावतात का, असं सगळं विचारून तिने फॉर्म भरले. बाकीच्या गावांत दहातल्या तीन-चार बायका मिश्री लावायच्या. अंजुरात एकही नाही. आणि तरी अंजूरची बाळं लहानच. मग दोष तंबाखूचा कसा म्हणणार? मृणालीने बोअरच्या मचूळ पाण्यावर बोट ठेवलं. तो तिचा पेपर परदेशात वाचला गेला, तिला परिषदांना बोलावणी आली, आणि आता हा पुरस्कार.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. तिची पूड करून बोटाने हिरड्यांना घासायची. अंजूरमधून ती हद्दपार केली आक्कानेच. मृणाली डॉक्टर होऊन आली त्या वर्षी महिला मंडळात आक्काने जाहीर सांगितलं, डॉक्टरणीच्या गावात मिश्री दिसायची न्हाय. कुणाच्या घरातून भाजल्याचा वास आला की ती उंबऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि त्या घरच्या सात पिढ्यांचा उद्धार करून यायची. तिची स्वतःची सून, हितेशची बायको मेघाली लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या बॅगेतली डबी आक्काने चारचौघींसमोर उकिरड्यावर फेकली होती.

आणि रोज सकाळी, घर उठायच्या आत, मागच्या न्हाणीत कडी लावून आक्का स्वतः मिश्री लावायची. सोळाव्या वर्षी दाढ दुखत होती म्हणून सासूने आपल्या बोटाने हिरडीला लावली होती, ती सुटली नाही. दोनदा सोडून बघितली. दोन्ही वेळा डोकं एवढं ठणकलं की तिसऱ्या दिवशी तिने घरातल्या सगळ्यांशी भांडण काढलं.

मृणाली पुण्याहून आली ती बुधवारी, कुणाला न कळवता. जेवण झाल्यावर आक्काजवळ ओट्यावर बसली आणि म्हणाली, की पुरस्कारवाल्यांना थांबा म्हणून कळवलंय. तिच्या हाताखालच्या एका मुलीने जुने नमुने बाहेर काढले होते. फॉर्म भरताना बायकांच्या लघवीचे नमुने घेऊन गोठवून ठेवलेले; त्यात तंबाखूची खूण सापडते का, हे बघायची सोय आता झाली होती. अंजूरचे साठ नमुने तपासले. सव्वीसांत सापडली.

“सव्वीस?” आक्का म्हणाली. “कोण कोण? नावं सांग मना. बघतेच एकेकीला.”

“नावं मलाही माहीत नाहीत, नुसते नंबर आहेत. माहीत असती तरी तुला सांगितली नसती.”

आक्काने पदर सावरला. पुरस्कार काढून घेतील का, असं तिने विचारलं. मृणाली म्हणाली, घेतील तर घेतील. मोठी गोष्ट ती नाही. आपल्या पेपरावर भरवसा ठेवून दोन तालुक्यांत पाण्याच्या टाक्या बसल्या, त्याचं वाईट नाही, चांगलं पाणी कुणाला नको? पण मिश्रीबद्दल पोटुशा बायकांना तिथे कुणी चकार शब्द सांगितला नाही, कारण डॉक्टर मृणालीने तिचा दोष नाही असं लिहिलं होतं. आठ वर्षांत किती बाळं झाली असतील.

मग तिने आपल्या गुरूंची, बेडेकर बाईंची गोष्ट सांगितली. बाईंनी तरुणपणी तान्ह्या मुलांच्या जुलाबावर एका औषधाचं माप बसवलं होतं. नाव झालं, बढती मिळाली. तीन वर्षांनी जुन्या वह्या चाळताना त्यांना दिसलं की एका वॉर्डातली मुलं दोनदा मोजली गेलीत. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाईंनी आपल्या हाताने पत्र लिहून चूक छापायला लावली. बढती गेली, लोक हसले, सहा वर्षं त्यांना कुणी काम दिलं नाही. तरी पुन्हा पहिल्यापासून मोजून त्यांनी जे माप काढलं, ते आज वॉर्डावॉर्डात चालतं. बाईंची मोठी कामगिरी कुठली, असं कुणी विचारलं की त्या ते पत्र दाखवतात.

“पण मला एक कळत नाही आक्का,” मृणाली म्हणाली. “एवढ्या बायका एकसारखं खोटं का बोलल्या? दुसऱ्या गावांत तर नाही बोलल्या.”

आक्काला कळत होतं. आठ वर्षांपूर्वी फॉर्म भरले गेले ते याच ओट्यावर. अंजुरात लग्नाचा विडा असो की बोअरची पूजा, पहिला मान आक्काचा. तसा पहिला फॉर्मही तिचाच भरला होता, घरातल्या सासवांनाही विचारायचं होतं म्हणून. लेकीच्या माणसांनी विचारलं, मिश्री लावता? आक्का ठसक्यात म्हणाली, न्हाय. मग खुर्ची तिथेच ठेवून, लेकीच्या कामाच्या कौतुकाने, फॉर्म चालले ते चारही दिवस ती शेवटच्या बाईपर्यंत बसून राहिली होती. पोरी तिच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, न्हाय.

हे तिने मृणालीला सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडली.

मृणालीने दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीच्या खोलीत दार लावून पुन्हा विचारायला घेतलं. नऊ जणी आल्या. नऊही जणी म्हणाल्या, न्हाय. संध्याकाळी ती कागद पुढे घेऊन बसली होती. आक्काने तिला चहा नेऊन दिला आणि परत आली. न्हाणीच्या दारापाशी तिचे पाय थबकले. बाहेर मेघाली धुणं वाळत घालत होती, सातवा महिना, हात वर करताना धाप लागत होती. पहिल्या वेळचं पोर पावणेदोन किलोचं झालं होतं, अठरा दिवस काचेच्या पेटीत होतं. तेव्हा आक्का आल्यागेल्याला सांगायची, सून खात न्हाय, नखरे करते.

शुक्रवारी दुपारी मेघालीची ओटी होती. सगळ्या आळीच्या बायका जमल्या, हिरव्या साड्या नेसून. पाटावर मेघाली, तिच्या डोक्यात अबोलीच्या वेण्या, समोर तांदूळ, खण, नारळ. पहिली ओटी आक्काची. गाणी म्हणायला रंगूबाई बसली होती. ती आक्काची चुलतजाऊ, तिच्याच वयाची, आवाज फाटका पण दमदार. मृणाली मागे भिंतीला टेकून उभी होती.

आक्का सूप हातात घेऊन उठली आणि ओटी न भरताच उभी राहिली. बायकांना वाटलं, काहीतरी विसरली.

“भरते, आधी एक ऐका,” ती म्हणाली. “मी मिश्री लावतंय. पंचावन्न वर्सं झाली. लेकीच्या कागदावर मी खोटं बोलली. मी पयली बोलली म्हणून तुमी बोललात. सगळी चूक माजी हाय.”

मेघालीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. रंगूबाईने शांतपणे गाण्याची वही मिटली.

“आमाला ठाव हाय गो,” ती म्हणाली. “तुज्या पदराला वास येतो.”

“कदीपासून ठाव हाय?”

“पयल्यापासून. न्हाणीत कोन अर्धा तास चूळ भरतंय?”

कोपऱ्यात एक पोरगी फसकन हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग आवरेना. आक्काचे कान तापले. आयुष्यात तिच्या तोंडावर कुणी असं हसलं नव्हतं. तिला वाटलं सूप खाली ठेवावं आणि एकेकीचं काय काय माहीत आहे ते मांडावं. आठवणी तिच्याकडे भरपूर होत्या.

“मग मना बोलली का न्हायस?” तिने रंगूबाईला विचारलं.

“तुला कोन सांगनार? तू न्हाय बोललीस तर गावात न्हाय. तुजा मान ठेवला आमी.”

आक्काने मृणालीकडे बघितलं. मृणाली हसत नव्हती. तिच्या आठ वर्षांच्या कामाला कुठे भोक पडलं, ते तिला आता दिसलं होतं.

“असला मान नको मना,” आक्का म्हणाली. “उद्या सकाळी अंगणवाडीत या. खरं असेल ते सांगा. मी तिथं नसेन. आणि कोन काय बोलली, हे मी कुनाला इचारलं तर माज्या दारात पाय ठेवू नका.”

मग तिने सुनेची ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. रंगूबाईने गाणं उचललं.

शनिवारी पहिला फॉर्म आक्काचाच होता, हे मृणालीने ठरवलेलं. दार लावल्यावर तिने लेकीसारखं नाही, डॉक्टरसारखं विचारलं, दिवसातून किती वेळा?

“एकदा.”

मृणालीने पेन तसंच धरून ठेवलं.

“बरं, दोनदा. दुपारी भांडी झाल्यावर. लग्नकार्य असलं की तीनदा. लिही. आणि तुज्या वेळी पोटुशी होती तेवाही लावत होती, तेबी लिही. दोन किलोची झालीस तू. दाई बोलली, मांजराचं पिल्लू.”

मृणालीने लिहिलं.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कदी कागद घेऊन इचारलंस?”

आक्का बाहेर आली आणि सांगितल्याप्रमाणे लांब, शाळेच्या कुंपणाजवळच्या बाकावर जाऊन बसली. बायका येत होत्या, आत जात होत्या, काही चटकन बाहेर पडायच्या, काहींना वेळ लागायचा. कोण किती वेळ बसली याचा हिशेब डोक्यात आपोआप व्हायला लागला, तशी ती रस्त्याकडे तोंड करून बसली. हितेश मोटरसायकल थांबवून विचारून गेला, की दिल्लीहून पुरस्काराचं काही कळलं का. समारंभ पुढे ढकललाय, नवे आकडे आल्यावर बघू म्हणालेत, असं तिने सांगितलं. तो चुकचुकला. आक्का म्हणाली, तुझ्या फोटोचं काही होत नाही, तो राहू दे.

दुपार होत आली तेव्हा मेघाली बाहेर आली. बराच वेळ आत होती. डोळे पुसलेले दिसत होते. ती सावकाश चालत बाकाजवळ आली.

“आक्का, मी थोरल्याच्या वेळी...”

आक्काच्या जिभेवर सवयीने एक वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं.

“आत सांगितलंस?”

“सांगितलं. सगळं.”

“मग मना कशाला सांगतंस? बस. ऊन लागंल.”

आक्का बाकाच्या टोकाला सरकली.