पापडांचा मुक्काम

कासू गावच्या बायकांचा एक शिरस्ता आहे. कुणाकडे पापड असले की आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जायचं आणि पीठ संपल्याशिवाय उठायचं नाही. नवरे या शिरस्त्याला वचकून असतात. त्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या सगळ्याजणी सरूच्या ओटीवर येऊन बसल्या, तेव्हा ती गोंधळली. तिने तर पीठच भिजवलं नव्हतं.

"आमी आनलंय गो," शेजारची किमया म्हणाली. "तुझी ओटी मोठी हाय."

सरूला बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. नवऱ्याने, निकेशने, कालच मारलं होतं. डोळ्याखाली निळं पडलं होतं. चार वाजता तो रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून येणार होता. मारायचा तो, आणि वर गावभर सांगायचा की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिची झोप उडाली होती, आमटीत मीठ दोनदा पडायचं. आपलं डोकं खरंच फिरलंय की काय, असं हल्ली तिलाच वाटायचं.

चार वाजले तरी पीठ संपेना. एकीचं संपलं की दुसरी पदराखालून नवा गोळा काढी. निकेश आला आणि ओटीवरचा तांडा बघून त्याचा चेहरा पडला.

"ये बाबा, पापड पसर चादरीवर," सीताबाई म्हणाली. या म्हातारीपुढे बोलायची गावात कुणाची टाप नव्हती. निकेश मुकाट उकिडवा बसला. मग तिने सहज विचारलं, "सरू, डोल्याला काय झालं गो?"

न्हाणीत पडले, हे उत्तर सरूच्या ओठांवर तयार होतं. पण एवढ्याजणी भोवती बघून तिला धीर आला. "यानं मारलं."

"हिचं डोकं ठिकानावर नाय," निकेश हसत म्हणाला. "इचारा कुनालाबी."

"इचारते की. किमया, तू सांग."

"भिंतीला भिंत हाय आमची," किमया म्हणाली. "सगलं ऐकू येतं."

म्हणजे डोकं शाबूत होतं. सरूला रडू फुटलं, आणि पाठोपाठ रागही आला. "ऐकत होतीस, तर आधी का नाय आलीस?"

किमयाने मान खाली घातली. "चुकलं गो."

"आता चुकायचं नाय," सीताबाई म्हणाली. "आजपासून मी हितं झोपनार. निकेश, तू आमच्या म्हाताऱ्याच्या खोलीत जा. रातभर घोरतो, पन हात उचलत नाय."

बायका खो खो हसल्या. निकेशने सरूकडे पाहिलं. ती मध्ये पडेल, अशी त्याला आशा होती. सरू उठली, आत गेली आणि त्याची उशी आणून त्याच्या हातात दिली.