बीबामच्या मोळ्या

नवा गुडघा बसवून आर्विला होस्टेटर मार्चअखेरीस हॉस्पिटलातून घरी आली, पडदा सारून अंगणात बघते तो काय, बीबामचा ताटवा भुईसपाट! उन्हाळाभर जिथे जांभळी फुलं आणि मधमाश्यांची झुंबड असायची, तिथे नुसती उघडी माती.

बीबाम म्हणजे आपल्या तुळशी-पुदिन्याच्या भावकीतली, इथल्या ओहायोच्या मातीतलीच. मुळं बर्फाखालीही जिवंत राहतात, तेव्हा झाडाची काळजी नव्हती. काळजी होती धसकटांची. त्या पोकळ काड्यांत मुंगीएवढ्या रानटी मधमाश्या हिवाळाभर झोपून असतात. म्हणून आर्विला जुन्या काड्या गुडघाभर उभ्या ठेवायची आणि माश्या बाहेर पडेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. गावाला तो गबाळेपणा वाटायचा. वाटो बापडा!

"वर्लिन ग्रोव्ह!" ती खिडकीतूनच कडाडली.

शेजारचा वर्लिन हसत कुंपणाशी आला. बायको गेल्यापासून त्याचा सगळा जीव हिरवळ राखण्यात. "बघितलंस? म्हटलं, तू यायच्या आत चकाचक करून ठेवावं. मोळ्यासुद्धा बांधल्यात."

"कुठायत मोळ्या?"

"रस्त्याकडेला. आज पालापाचोळ्याची गाडी येते ना..."

गाडी कोपऱ्यावर आलीच होती.

"अरे मेल्या, पळ! माझ्या माश्या आहेत त्यात! सगळ्याच्या सगळ्या!"

वर्लिनचा चेहरा खर्रकन उतरला. एरवी माशी दिसली की हा गडी घरात पळायचा. आज मात्र तो रस्त्याकडे पळाला आणि हात पसरून गाडीपुढे उभा राहिला.

"ओ काका, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"मोळ्यांना हात लावू नकोस! त्यात... त्यात बाईंची माणसं आहेत!"

वॉकर ठोकत आर्विला फाटकापर्यंत आली तेव्हा वर्लिन मोळ्या छातीशी धरून धापा टाकत होता.

"आता या तुझ्या ओसरीवर उभ्या कर. सकाळचं ऊन तिथेच येतं."

"माझ्या ओसरीवर? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, वर्लिनला अक्कल आली. तोडल्यास तू, सांभाळशीलही तूच."

एप्रिल सरत आला. रोज कॉफीचा कप घेऊन वर्लिन मोळ्यांपाशी बसे आणि कुंपणापलीकडे विचारी, "मेल्या असतील तर गं?"

"येतील म्हटलं ना! माझ्या माश्या आहेत, तुझ्यासारख्या लेच्यापेच्या नाहीत."

वर्लिनच्या गवत कापायच्या यंत्राच्या फिरत्या दोरीने किती चिरडल्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण त्याचं ते तोंड बघून तिने आवाज काही खाली येऊ दिला नाही.

मग एका उबदार सकाळी हाक आली. "आर्विला! लवकर ये! नको, नको, हळू ये!"

एका काडीच्या तोंडातून काळं चिमुकलं डोकं बाहेर आलं होतं. माशीने मिशा साफ केल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि चालत चालत थेट वर्लिनच्या अंगठ्यावर. तो श्वाससुद्धा घेईना.

"चावेल का?"

"तुला चावून तिला काय मिळणार?" आर्विला म्हणाली. तेवढ्यात दुसऱ्या काडीतून आणखी एक डोकावली, आणि आर्विलाचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत. पुसायचे कशाला, आनंदच झाला होता.

"बीबाम फुलायला तर जुलै उजाडेल," वर्लिन कुजबुजला. "तोवर ही खाणार काय?"

"तुझ्या गवतात ती पिवळी फुलं उगवतात ना, ज्यांना तू दर वसंतात विष घालतोस? ती."

वर्लिनने हिरवळीकडे पाहिलं. फवारणीचा पंप पायरीपाशी भरून तयार होता. माशी अंगठ्यावरून उडून नेमकी त्याच गवतात उतरली.

"आर्विला, हे ओतायचं कुठे?"

"कुठेच नको. झाकण घट्ट लाव आणि ये, बस इथे."

वर्लिनने झाकण लावलं आणि तो तिच्या शेजारी येऊन बसला.