सपाट कप

भाचीने वजनकाट्यावर पातेलं ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि काटा हळूच असा वळवला, की आकडे फक्त तिलाच दिसावेत.

"हे काय गं?" आत्याने विचारलं.

"असंच."

"असंच कुणी काटा लावत नसतं."

 भाचीने अंडी फोडायला घेतली.

तिच्या नव्याकोऱ्या बेकरीत सगळं ग्रॅममध्ये चालायचं. आत्याचा केक मात्र जन्मभर कपातला: दोन कप मैदा, एक कप साखर. सगळं खानदान ज्यावर तुटून पडायचं तो केक. भाचीने कपांचे ग्रॅम सांगणारा तक्ता बघून दोन कपांचे अडीचशे ग्रॅम केले, आणि केक मधोमध खचला. पुन्हा केला. पुन्हा खड्डा. उद्या दुपारी कोपऱ्यावरचा कॅफेवाला चव बघायला येणार होता. त्याला पटला तर रोजची मागणी, नाहीतर शटर फार दिवस वर राहणार नव्हतं.

"तुझी आत्या हातचं राखूनच सांगणार," आई म्हणाली होती. "मी या घरात म्हातारी होत आले, अजून साधं सूप नीट सांगितलं नाही तिने मला."

म्हणून आज आत्यालाच बोलावलं होतं. समोर करून दाखव म्हणून.

आत्याने कप मैद्यात बुडवला. वर काढला. मग सुरीची पाठ फिरवून कड सपाट केली, वाकून बघितली, पुन्हा एकदा सुरी फिरवली. एकशे पंचवीस. दुसरा कपही तसाच. आणखी एकशे पंचवीस.

"जुळलं?" आत्याने विचारलं. "तुझ्या आईने काय कान भरलेत, ठाऊक आहे मला."

"तसं काही नाही गं आत्या."

"हो का! मग ते आकडे इकडे कर की."

भाचीने काटा सरळ केला. तिचे कान तापले होते.

ओव्हनच्या काचेपाशी दोघी उभ्या राहिल्या. केक छान फुगला. आत्याने ऐटीत भुवई उडवली. आणि मग, दोघींच्या देखत, त्याचं पोट हळूहळू आत गेलं.

मुद्दाम केलं, भाचीच्या मनात आलं. तिने झटकन वळून आत्याकडे पाहिलं. आत्याचा हात तोंडावर होता.

"माझ्या हातून असं कधीच..." आत्या पुटपुटली.

भाची ओट्याकडे आली. सुरी अजून तिथेच होती, पाठीला मैदा लागलेली. तिने ती उचलून पाहिली.

"आत्या, घरी तू सुरी फिरवतेस?"

"घरी कोण बघायला बसलंय?"

"मग घरी कसा भरतेस?"

"कसा म्हणजे? भरते. बुडवायचा, ओतायचा." आत्याने हवेतच मनगट हलवलं, मध्येच थांबली, आपल्याच हाताकडे बघत राहिली. "आपटते की काय मी जरा? की सपाट न करता वर शीग ठेवते?"

भाचीने सुरी खणात टाकली. पातेलं पुसून पुन्हा काट्यावर ठेवलं आणि काटा आत्याच्या बाजूला केला.

"पुन्हा कर. नेहमीसारखा. मी बघत नाही."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे डब्याचं झाकण उघडलं. कप मैद्यात शिरल्याचा मऊ आवाज आला.

ओतल्याचा आवाज मात्र आलाच नाही.

"आत्या?"

"थांब गं," आत्या म्हणाली. "आठवतेय."