केळीत उतरलेला पर्णवटवट्या

मी एक पर्णवटवट्या, चिमणीहूनही लहान पाखरू. हिमालयात देवदाराच्या मुळाशी जन्मलो असं सांगत आलोय, पण भूर्जही असू शकेल. आठवणीची खात्री देत नाही. वजनाने मी केळफुलाच्या पाकळीपेक्षाही हलका. दर हिवाळ्यात फोपनार गावी मोतीलालांच्या केळीबागेतल्या कडुलिंबावर येतो. लिंब तोच, हे नक्की. बहुधा.

मोतीलालांच्या पत्नी मथुराबाई यांची माझ्यावर भलती श्रद्धा. मी लिंबावरून केळीत उतरलो की कडाक्याची थंडी येणार, असं त्या सांगत. मी उतरायचो किड्यांसाठी. हवामानाचा माझा अभ्यास नाही.

एका हिवाळ्यात मध्येच उकाडा झाला, तेव्हा खाली एक लठ्ठ अळी दिसली. उतरलो.

"अहो, पाखरू खाली आलं! घडांना पिशव्या घाला."

मोतीलाल खाटेवरून हललेही नाहीत. "मोबाईल तर ऊन दाखवून राहिला. तुझं पाखरू हवामान खात्यात कधी लागलं?"

"मागच्या साली मोबाईलचंच ऐकलं ना? थंडीनं सगळे घड काळे पडले. यंदाही पडले तर व्यापारी ढुंकून पाहणार नाही."

मोतीलाल कुरकुरत उठले. पिशव्या घालता घालता त्यांचा सदरा भिजला. शेजारचा निंबा बांधावरून ओरडला, "काका, केळीला स्वेटर, अन् तुम्ही घामाघूम!"

एका अळीपायी या बाईचं हसं होणार! विधान मागे घ्यावं म्हणून मी घाईने शेंड्यावर जाऊन बसलो.

"ते तर वापस गेलं! काढू का पिशव्या?"

"राहू द्या. ते काय तुमच्यासारखं शब्द फिरवतं?"

दोनच दिवसांत उत्तरेचं वारं सुटलं. निंबाचे घड काळवंडले, मथुराबाईंचे हिरवेगार राहिले.

पुढच्या हिवाळ्यापासून निंबाही लिंबाखाली मान वर करून उभा राहू लागला. मला अन्न गोड लागेना. खाली किडे वळवळत असायचे आणि मी वर बसून परिणामांचा विचार करत असायचो. कित्येकदा उपाशी झोपलो.

आता थकलोय. विनंती एवढीच, की मी केळीत दिसलो तर मला निवांत जेवू द्या. कारण काही वर्षांनी मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. सून ज्योत्स्ना लिंबाखाली मथुराबाईंच्या पायाला तेल चोळत होती.

"आई, खरं सांगा, पाखराला थंडीचं कसं कळतं?"

"त्याला काय कळतं, डोंबल! थंडी यायची असली की माझा हा गुडघा ठणकतो. पण गुडघ्याचं सांगितलं तर तुझे सासरे म्हणतात, गोळी खा. पाखराचं नाव घेतलं की उठतात."